किनवटला मी वाटलेल्या नोकऱ्या

चहा घ्या आधी. गरम आहे तोवर घ्या. एकदा मी सांगायला लागले की तुम्ही हसणार, कपातला चहा अंगावर सांडणार आणि वर मलाच बोल लावणार. तसं आज मला बोल लावायला तुम्हाला भरपूर मिळणार आहे म्हणा. कारण गोष्ट अशी आहे, की मी एका सकाळी, अवघ्या पाऊण तासात, एक्केचाळीस बायकांना नोकरी लावली. एक्केचाळीस! आणि त्या वेळी मला स्वतःला धड नोकरी नव्हती.

अगदीच नव्हती असं नाही. मी नांदेडच्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते, पण तासिका तत्त्वावर. ज्यांना हे तत्त्व माहीत आहे त्यांनी इथं एक उसासा टाकावा. बाकीच्यांसाठी सांगते: तास चालू असेपर्यंत तुम्ही प्राध्यापक. तास संपला की तुम्ही कॉलेजच्या आवारात झाडाखाली उभी असलेली एक बाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत तर आम्ही नसतोच. अशी नऊ वर्षं झाली. मध्ये माझी पीएच.डी.पण झाली. विषय काय, तर ‘मराठवाड्यातील पानगळी वनांतील वृक्षविविधता’. दोनशे ऐंशी पानं! त्यात उपग्रहाची चित्रं आहेत, आलेख आहेत, रंगीत नकाशे आहेत. जंगलात मी त्या काळात तीनदा गेले. त्यातल्या एकदा जीप पंक्चर झाली म्हणून वाटेतूनच परत आले.

तर एके दिवशी जाधव सरांचा फोन आला. हे किनवटला ज्युनिअर कॉलेजात शिकवतात आणि मुलींच्या वसतिगृहाचंही बघतात. आमची ओळख एका प्रशिक्षण शिबिरातली.

“मॅडम, आमच्या पोरींना एक व्याख्यान द्या ना. बारावीनंतर काय करायचं, कुनी सांगतच न्हाई त्यांना. पालक बी बोलावतो. विषय काय ठिवू?”

मी लगेच म्हटलं, “पर्यावरण शिक्षणातील व्यावसायिक संधी आणि भविष्यातील दिशा.”

सरांनी विषय एकदा पुटपुटून बघितला.

“मॅडम, फळ्यावर दोन ओळीत लिहिलं तं चालंल का?”

रात्रंदिवस बसून मी चौसष्ट स्लाइड केल्या. माझा नवरा दीपक, तो बारावीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यानं मागून डोकावून विचारलं, “ज्या क्षेत्रात तू नऊ वर्षं तासावर आहेस, त्याच क्षेत्रातल्या संधी सांगणार आहेस?”

“मग काय झालं? संधी आहेतच.”

“कुठं?”

“स्लाइड नंबर बावीस ते चाळीस,” मी म्हटलं. तो पाणी प्यायला आत निघून गेला. फिजिक्सवाल्यांना कधी गप्प बसायचं ते कळतं.

सकाळच्या गाडीनं किनवटला उतरले. बाहेर रिक्षावाल्याला म्हटलं, “मुलींच्या वसतिगृहाजवळ पत्र्याचं सभागृह आहे, तिथं सोड.” त्यानं सोडलं. आता वसतिगृहाजवळ पत्र्याची दोन सभागृहं असतील हे मला कसं ठाऊक? एक अलीकडं, एक पलीकडं. मी अलीकडच्यात शिरले. शिरण्याआधी वर बघायला हवं होतं. वर बॅनर होता. पण वाऱ्यानं तो दोरीभोवती गुंडाळला होता आणि त्यातलं मला एवढंच दिसलं: ‘...शिक्षण’. म्हटलं, आलोच की आपण बरोबर! पूर्ण बॅनर काय होता ते तुम्हाला सांगून टाकते, मला मात्र ते दोन तासांनी कळलं. तो होता ‘मोहफुले साठवण व सुकवण प्रशिक्षण’.

आत गेले तर एकदम गलका. “मॅडम आल्या! मॅडम आल्या!”

एकीनं माझी पिशवी घेतली. दुसरीनं तांब्याभर पाणी दिलं. तिसरीनं हातात फूल दिलं आणि मला खुर्चीत दाबून बसवलं. समोर साठेक बायका. कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणी पदरानं वारा घेऊन राहिली. मनात म्हटलं, जाधव सरांनी पालक बोलावतो म्हटलं होतं, पण इतके पालक? आणि पोरी कुठायत? मग वाटलं, असतील मागं. वसतिगृहाच्या पोरी लाजऱ्या असतात.

बघा हं, माणसाला चूक करायचीच असली की डोकं कसं मदतीला धावून येतं! प्रत्येक शंकेला माझ्याकडं उत्तर तयार होतं.

माईक धरलेल्या बाईला मी विचारलं, “प्रोजेक्टर कुठंय?”

“काय म्हनता, मॅडम?”

“पडद्यावर चित्रं दाखवायची होती.”

तिनं इकडंतिकडं बघितलं. “पडदा हाय की,” म्हणाली, आणि लगबगीनं जाऊन खिडकीचा पडदा बाजूला सारून दिला. छान उजेड आला.

चौसष्ट स्लाइड पेनड्राइव्हमध्येच राहिल्या. मी तशीच उभी राहिले आणि बोलायला लागले. आणि खरं सांगते, त्या दिवशी माझी जीभ अशी काही चालली की कॉलेजात कधी चालली नव्हती. समोर बसलेलं माणूस ऐकत असलं की काय होतं, हे मी नऊ वर्षांत विसरूनच गेले होते. माझे विद्यार्थी पर्यावरणाच्या तासाला मोबाइल बघतात, कारण तो विषय सगळ्यांना सक्तीचा, आणि सक्तीच्या विषयात कुणी नापास होत नाही. इथं साठ बायका डोळ्याचं पातं न लववता ऐकून राहिल्या होत्या!

मी म्हटलं, “येणारा काळ पर्यावरण शिकवणाऱ्यांचा आहे! शाळांना असा माणूस लागणार. जंगल बघायला येणाऱ्यांना माहिती सांगणारा लागणार. गावागावात झाडांची, पाखरांची नोंद ठेवणारा लागणार. कंपन्यांना लागणार, संग्रहालयांना लागणार!”

पुढच्या रांगेत एक पन्नाशीची बाई बसली होती. काटक, हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. तिनं हात वर केला.

“मॅडम, पगार महिन्याच्या महिन्याला ऱ्हातो का?”

“राहतो ना!”

“अन् शिक्षान किती लागतं?”

आता इथं मी थांबायला पाहिजे होतं. स्लाइड नंबर एकोणीसवर पात्रता दिली होती: पदवी, पदव्युत्तर पदवी, अमुक परीक्षा, तमुक परीक्षा. पण स्लाइड नव्हती आणि समोर माईक होता. मला वाटलं, आईबापांना पोरींच्या शिक्षणाची धास्ती वाटू नये. म्हणून मी हात उंचावून म्हटलं, “कागदापेक्षा ओळख महत्त्वाची! जंगल ओळखता आलं पाहिजे. झाडं, पाखरं, जनावरांच्या खुणा!”

सगळीकडं कुजबूज सुरू झाली.

तीच बाई म्हणाली, “झाडं म्हंजी कोनती?”

“इथलीच. जंगलातली.”

“ती तं आमाला येतेत.”

“मग झालं तर!” मी माईकमध्ये ओरडले. “तुमची निवड झालीच समजा!”

टाळ्या! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! पत्रा दणाणला. मी तर हरखूनच गेले. आणि त्या हरखण्याच्या भरात पिशवीतली वही काढून पुढं दिली. “ज्यांना या क्षेत्रात यायचं आहे त्यांनी नाव, गाव, फोन नंबर लिहा. मी संपर्कात राहीन.” माझ्या मनात काय होतं, तर पोरींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करावा आणि त्यावर प्रवेशाच्या जाहिराती टाकाव्यात. एवढंच हो!

वही परत आली तेव्हा तिच्यात एक्केचाळीस नावं होती. बारा ठिकाणी निळ्या शाईचे अंगठे. मी विचारसुद्धा केला नाही, की व्याख्यानाला शाईचं पॅड कोण आणतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. जाधव सर.

“मॅडम, कुठवर आलात? पोरी तासभर झालं बसून राहिल्यात.”

“अहो, मी बोलून राहिले ना!”

“कुठं?”

मी समोर बघितलं. मागच्या रांगेपर्यंत बघितलं. एकही पोरगी नव्हती.

आणि त्याच क्षणी दारात जीप थांबली. तीतून जाळ्या, ताडपत्री आणि गोणपाटाचे गठ्ठे घेऊन एक बाई उतरल्या. घामाघूम झाल्या होत्या. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, “सॉरी, गाडी बंद पडली होती. माझ्याआधी तुमचं होतं का?”

मी काय म्हणाले असेन?

“हो,” म्हणाले. “झालं माझं.”

इथं हसू नका. सगळ्या प्रकरणात खरी चूक हीच. चुकीच्या सभागृहात कुणीही शिरेल. पण तेव्हा माईक परत मागून घेतला असता आणि ‘बायांनो, माझी गफलत झाली, मी पोरींशी बोलायला आले होते, नोकरी माझ्या हातात नाही’ एवढं म्हटलं असतं, तर तिथल्या तिथं निस्तरलं असतं. मला लाज वाटली. टाळ्यांचा आवाज अजून कानात होता ना! मी पिशवी उचलली आणि सटकले. दारातून मागं वळून पाहिलं तर त्या हिरव्या लुगड्याच्या बाईनं मला हात जोडले.

पलीकडच्या सभागृहात ऐंशी पोरी बसलेल्या. जेवणाची वेळ झालेली. तिथं प्रोजेक्टर होता, पडदा होता, फळ्यावर माझा विषय दोन ओळीत लिहिलेला होता. नव्हता तो फक्त माझ्यातला जोर. मी भराभरा स्लाइड पुढं ढकलल्या. बावीस ते चाळीस मात्र नीट दाखवल्या. शेवटी म्हटलं, “काही प्रश्न?”

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. दोन वेण्या, आवाज अगदी शांत.

“मॅडम, तुम्ही परमनंट आहात का?”

“ए, खाली बस,” जाधव सर म्हणाले.

“असू द्या, सर,” मी म्हटलं. खोटं बोलायचा माझा त्या दिवसाचा कोटा संपला होता. “नाही. मी तासावर आहे. नऊ वर्षं.”

“मग हे सगळं,” तिनं पडद्याकडं बोट केलं, “हे कुनाला मिळतं?”

तिचा आवाज खोचक नव्हता हो. तिला खरंच माहिती पाहिजे होती. मी पडद्याकडं वळून बघितलं. त्यावर चष्मा लावलेली एक हसरी बाई दुर्बीण घेऊन उभी होती. ते चित्र मी इंटरनेटवरून घेतलं होतं. मी म्हटलं, “थोड्या लोकांना मिळतं. मला अजून मिळालेलं नाही. पण मिळायला पाहिजे असं मला वाटतं.” ती “थँक्यू, मॅडम” म्हणाली आणि बसली. परतीच्या गाडीत मी खिडकीतून बाहेर बघत बसले, पण काही दिसलं नाही.

चार दिवस शांत गेले. पाचव्या दिवशी जाधव सरांचा फोन.

“मॅडम, तुम्ही बायांना काय सांगून गेलात?”

“काय झालं?”

“वसतिगृहाच्या दारात रोज बाया येऊन राहिल्यात. आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन! म्हनतेत, नांदेडच्या मॅडमनं जंगल शिकवायच्या नोकरीवर घेतलंय, हजर कधी व्हायचं? पलीकडच्या दोन गावाच्या बाया आल्या, म्हनल्या आमचं नाव ऱ्हायलं. काल तं एक गडी आला. म्हनला, बायकोचं झालंय तं माझं बी करा, मला वाघाचा ठसा वळखता येतो.”

मला हसू आलं. खरंच आलं. पण पुढं ते म्हणाले, “अन् मॅडम, ती सुंदराबाई मडावी, हिरव्या लुगड्याची. ती दरसाल टोळीसंगं कापूस येचायला जाते तेलंगणात. यंदा गेली न्हाई. टोळी निघून गेली. म्हनली, मला मॅडमनं घेतलंय, मी इथंच ऱ्हाते.”

माझं हसू जागच्या जागी थांबलं.

दीपकला सांगितलं. तो म्हणाला, “जाधव सरांना म्हण, गैरसमज झाला असं सांगून टाका.”

“त्यांनी का सांगायचं? टाळ्या त्यांनी घेतल्या का?”

रविवारी पुन्हा तीच गाडी. जाधव सरांनी मोटारसायकलवर मागं बसवून सुंदराबाईच्या गावी नेलं. मला वाटलं होतं, ती एकटी भेटेल, हळूच सांगून टाकू. कसलं हो! अंगणात तीस-पस्तीस बाया. धुतलेली लुगडी, केसांना तेल. एका बाजूला सतरंजी घातलेली, तीवर माझ्यासाठी खुर्ची. मॅडम येणार म्हणजे नेमणुकीचा हुकूम घेऊनच येणार, नाही का? काळा चहा आला. मी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवला.

उभी राहिले. या वेळी माईक नव्हता.

“मावशी, माझं चुकलं,” मी म्हटलं. “माझ्याकडं नोकऱ्या नाहीत. त्या दिवशी मी चुकून तुमच्या सभागृहात शिरले. मला पोरींना सांगायचं होतं की असं शिक्षण घ्या, पुढं असं काम मिळू शकतं. मी बोलण्याच्या भरात बोलले. मी कुणाला घेऊ शकत नाही. मी अधिकारी नाही.”

एक कोंबडी तेवढी सतरंजीवरून चालत गेली.

मग सुंदराबाई म्हणाली, “मंग तुमी कोन हाव?”

“मी कॉलेजात शिकवते.”

“तुमची तं नोकरी पक्की आसंल?”

“नाही, मावशी. माझीपण पक्की नाही. तासावर आहे.”

“म्हंजी रोजानं?”

“...हो. तसंच.”

तिनं गालाला हात लावला. “आगं माय! ज्या बाईला नोकरी न्हाई, तिला नोकरीवर बोलायला बोलावतेत व्हय?”

आणि हसायला लागली. तिच्या मागं अर्ध्या बाया हसायला लागल्या. अर्ध्याच बरं का. एक तरुण बाई उठली, “आमचे दोन दिवस कामून घालवले मंग? झेरॉक्स काढायला किनवटला पायी गेलो आमी,” म्हणाली, आणि चहा तसाच ठेवून निघून गेली. तिच्यामागं आणखी सात-आठ गेल्या. त्यांना अडवून काय सांगणार होते मी? त्यांचं बरोबर होतं. मी सुंदराबाईला टोळीबद्दल विचारलं. ती म्हणाली, दुसरी टोळी पंधरा दिवसांनी जाते, तिच्यात जागा बघते. म्हणाली, “त्याचं सोड. मला एक सांग. तुला तरी झाडं येतेत का?”

‘तुमी’वरून ‘तू’वर आली होती. मला ते बरं वाटलं.

“येतात की,” मी म्हटलं. “मी त्याच्यावर मोठं पुस्तक लिहिलंय.”

“चल मंग.”

गावाच्या मागंच जंगल सुरू होतं. पहिलं झाड साग. कुणालाही येईल. दुसरा मोह. तोही आला. मला धीर आला. मग एक गुळगुळीत, फिक्या सालीचं झाड आलं. मी न थांबता म्हटलं, “धावडा!”

सुंदराबाईनं झाडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

“धावडा?”

“हो. साल बघा ना, कशी पांढुरकी.”

तिनं एक कोवळी काडी मोडली आणि माझ्या हातात दिली. “डोळं मिट. बोटात फिरीव.”

मी डोळे मिटून काडी फिरवली. ती गोल नव्हती. चार कडा लागत होत्या बोटाला.

“चौकोनी आहे!”

“मंग? धावड्याची काडी अशी ऱ्हाती का? हे लेंडिया हाय. वर बोंडं बघ, सुकून लटकून राहिलीत.” तिनं शंभर पावलांवरचं दुसरं झाड दाखवलं. “तो धावडा. त्याचा डिंक आमी काढतो. डिंक काढायला गेलेल्या मानसाला ह्या दोघात भूल पडत न्हाई. पडली तं दिवस फुकट.”

मी काडी हातात धरून उभी राहिले. तिनं विचारलं, “तुझ्या पुस्तकात हाय का हे झाड?”

“आहे. सत्तेचाळिसाव्या नंबरला.”

“नंबर ठाव हाय,” ती जाधव सरांकडं वळून म्हणाली, “झाड ठाव न्हाई.”

जाधव सर गंभीर चेहरा करून दुसरीकडं बघायला लागले. भला माणूस आहे.

दोन तास फिरलो. कुठल्या झाडाखाली अस्वल येतं, बिबा उतून अंगावर फोड आले तर काय लावायचं, चारोळी कुठल्या वर्षी कमी येते आणि तिला का वाटतं की आता ती दरवर्षीच कमी येऊन राहिलीय. हे सगळं ती चालता चालता सांगत होती. मध्येच थांबायची आणि मलाच विचारायची, “आता सांग, हे कोनतं?” चुकले की पुन्हा मागं न्यायची. मी शिकवण्यावरची जाडजाड पुस्तकं वाचली आहेत. इतकं साधं आणि इतकं पक्कं मला कुणी शिकवलं नव्हतं.

परत येताना गाडीत मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. त्या सकाळी सभागृहात मी जे बोलले ते खोटं नव्हतं. जंगल ओळखणारा माणूसच पर्यावरण शिकवू शकतो, हे खरंच आहे. खोटं एवढंच होतं, की तशी जागा कुठंतरी तयार आहे आणि कुणीतरी ती देऊन राहिलंय. माझ्याकडं कागद होते आणि लेंडिया येत नव्हता. तिला लेंडिया येत होता आणि कागदाच्या जागी अंगठा होता. त्या दोन वेण्यांच्या मुलीनं विचारलं होतं, हे कुनाला मिळतं. खरं उत्तर ‘अजून कुणालाच नाही’ असं होतं. जागाच करायला लागणार होती.

मग मी कामाला लागले. नांदेडच्या, लातूरच्या शाळांना फोन केले. लातूर माझं माहेर, म्हटलं ओळखीचा उपयोग होईल. एका मुख्याध्यापकांना मी अर्धा तास समजावलं की जंगलातल्या बाया मुलांना झाडं शिकवतील, मुलं हातानं बघून शिकतील. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “किती मार्कांना आहे?”

दुसरे म्हणाले, “त्या बायकांचं बी.एड. झालंय का?”

तिसरे म्हणाले, “या, पण फोटो नीट निघाले पाहिजेत.” मी म्हटलं, निघतील. ही माझी जुनी शाळा, म्हणून जमलं. सुंदराबाई आणि आणखी तिघी लातूरला आल्या. स्टँडवरून शाळेपर्यंत क्लासच्या पाट्याच पाट्या. सुंदराबाईनं रस्ताभर दोन्ही बाजूंना बघितलं आणि मला विचारलं, “पोरी, इथं शिकवायचं तं हाय, पन झाडं कुठं ठिवलीत?” तरी तिनं शाळेच्या भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ आणि नाल्याकाठची घाणेरी घेऊन दीड तास काढला. सातवीची पोरं मधल्या सुट्टीतही उठली नाहीत.

एक्केचाळीस नोकऱ्या झाल्या का? नाही. खोटं कशाला सांगू. बहुतेक जणी कापूस वेचायला गेल्या, काही मोहाच्या कामाला लागल्या. चौघींना वर्षातून काही दिवस असं काम मिळतं, रीतसर मानधनासकट. तेवढंच. जाधव सर म्हणतात, वसतिगृहातल्या दोन पोरी आता सुट्टीत सुंदराबाईबरोबर फिरून झाडांची नोंदवही करून राहिल्यात, त्यातली एक दोन वेण्यांची. पुढं काय शिकायचं ते त्यांचं त्या ठरवतील. मी आता कुणालाच काही ठरवून देत नाही.

आणि माझं? मी तासावरच आहे. हे दहावं वर्ष. पण या वर्षी मी प्राचार्यांच्या मागं लागून माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना किनवटला घेऊन गेले. छत्तीस मुलं. पहिल्यांदाच त्यांचे मोबाइल खिशात होते, म्हणजे तिथं रेंज नव्हती. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, बाई जे जे म्हणतील ते सगळं लिहून घ्यायचं, एक शब्द गाळायचा नाही, परीक्षेत विचारीन.

सुंदराबाई आली. मुलं वर्तुळात उभी राहिली. मला वाटलं, आता ती सागापासून सुरुवात करील. तिनं आधी माझा हात धरला, मला वर्तुळाच्या मधोमध ओढलं आणि अगदी मायेनं म्हणाली, “ह्या तुमच्या मॅडम. लई शिकल्यात. लई गुनाची बाई हाय. पन झाडाचं काही बी ह्यांना इचारू नका बरं, बावरतेत. अजून शिकून राहिल्यात.”

छत्तीस पेनं एकदम वहीवर टेकली. एकानंही एक शब्द गाळला नाही.